डाव्या बाजूचं पुढचं चाक

"मॅडम, फियाट दरीत गेली. चालवणारा जागीच खलास. तुमचा रिपोर्ट मला आज संध्याकाळी पाचपर्यंत पायजे."

फोनवर सब-इन्स्पेक्टर मालोजी ठोंबरे होते. सोमवारची सकाळ, साडेआठ वाजलेले. मोटार वाहन निरीक्षक हर्षला घारे यांच्या हातात पोहे होते, ते तसेच राहिले.

"कधीची गोष्ट?"

"कालची. बोरवळणाच्या घाटात जुन्या गाड्यांची शर्यत नव्हती का? रस्ता बंद करून, एकेक गाडी घड्याळ लावून वर सोडायची, ती. सातव्या वळणावर पुढचा टायर फुटला आणि गाडी कठड्यासकट खाली."

"मग पाचची घाई कशाला?"

"टायरवाला पहाटे उचललाय. उद्या कोर्टात उभा करायचा. तुमचा रिपोर्ट आला की विषय संपला."

विषय संपला म्हणे! हर्षलाला या वाक्याची मनापासून चीड होती. मेलेल्या माणसाची तपासणी डॉक्टर करतात आणि मेलेल्या गाडीची हर्षला. चौदा वर्षांत तिनं शेकडो गाड्या पाहिल्या होत्या आणि पाहण्याआधीच संपलेला विषय तिला एकदाही भेटला नव्हता.

ठाण्याच्या आवारात फियाट उभी होती. उभी कसली, पडली होती. टप चेपून सीटला टेकलेलं. दार कापून निलेश भोईरला बाहेर काढलं होतं. वय एकतीस. कर्जतकडच्या गावात भातशेती, खालापूरच्या कारखान्यात नोकरी, आणि जीव सगळा या गाडीत.

हर्षला गुडघ्यावर बसली. इतर तीन चाकं शाबूत होती. अरुंद, उंच टायर. मूळचे लोखंडी रिम, पांढरे रंगवलेले. टायरच्या बाहेरच्या अंगावर चार आकडे: तीन, एक, दोन, चार. म्हणजे चोवीस सालचा एकतिसावा आठवडा. तीनही टायर एकाच आठवड्यातले, जवळजवळ कोरे.

चौथं चाक, डाव्या बाजूचं पुढचं, फाटून लोंबत होतं. त्याच्या बाहेरच्या अंगावर आकडे नव्हते. ती गाडीखाली सरकली. आकडे आतल्या बाजूला होते. एकोणीस सालचा नववा आठवडा. कंपनी तीच, नक्षी तीच, पण रबर जुनं, टणक.

आणि त्याच आतल्या बाजूला, आकड्यांच्या जवळ, एक जुनी चीर. चिरेखाली टायरच्या पोटात चिकटवलेला जाड रबराचा तुकडा. गॅरेजवाले त्याला गेटर म्हणतात. फाटक्या टायरला आतून लावलेलं ठिगळच ते. ठिगळ सुटलं, ट्यूब चिरेतून बाहेर आली आणि फुटली.

"बघा," मालोजी वरून म्हणाले. "ठिगळाचा टायर शर्यतीला घातला. माणूस मारला. सरळ आहे."

हर्षला पुन्हा रिमकडे वळली. चारही रिमवर पूजेची बोटं उमटली होती. तीन चाकांवर लाल ठिपका, भोवती पिवळी कड. फुटलेल्या चाकावर पिवळा ठिपका, भोवती लाल कड. तिनं चारही चाकांचे जवळून फोटो काढले आणि हात पुसले.

"टायरवाल्याला भेटते," ती म्हणाली.

चांगो पारधी कोठडीच्या भिंतीला टेकून उकिडवा बसला होता. ठाकूरवाडीकडच्या आदिवासी वाडीवरचा माणूस, पन्नाशीचा. शिळफाट्याला रस्त्याकडेला त्याचं पंक्चरचं दुकान. बाहेर त्याची बायको चिंधी पहाटेपासून बसली होती, तिला कुणी पाणीसुद्धा विचारलं नव्हतं.

"हा गेटर कुणाचा, चांगोदादा?"

"माझाच हाय, म्याडम. खोटं कशाला बोलू? माझा हात मला वळखू येतो."

मालोजींनी विजयी मुद्रेनं हर्षलाकडे पाहिलं.

"आणि टायर?"

"कमलेशशेटचा. निलेशच्या चुलतभावाचा. मागल्या दिवाळीला घेऊन आलं व्हतं. बगलेला बोटभर चीर. मी बोललो, गेटर मारतो, पर बाजारहाटाच्या गाडीला घाला, चाळीसच्या वर पळवू नका. ते घेऊन गेलं."

"पावती?"

"पंक्चरच्या दुकानात पावती कोन देतो, म्याडम?"

"निलेशच्या गाडीला तू कोणते टायर घातलेस?"

"चार नवं. शनिवारी दुपारी, त्याच्याच अंगणात. मी आकडं बघून आणलेलं, सगळं एका हप्त्याचं."

"आकडे तू कोणत्या बाजूला ठेवतोस?"

चांगो पहिल्यांदा मान वर करून बोलला. "भायेर. कायम भायेर. मला शाळा नाय, पर त्ये चार आकडं कळतात. एकदा नेरळच्या गिऱ्हाइकाला मी सात वर्सांचा टायर नवा म्हनून घातला. मलाच कुनीतरी गंडवला व्हता. लई शिव्या खाल्ल्या. तवापासून आकडं गिऱ्हाइकाला दिसतील असंच लावतो. कुनालाबी इचारा."

बाहेर आल्यावर मालोजी म्हणाले, "लबाड आहे हो. चीर लपवायची तर ती बाजू आत जाणारच. आकडेही आपोआप आत. मीसुद्धा तसंच केलं असतं."

खरं होतं ते. हर्षलालाही कबूल करावं लागलं. आकडे आत होते एवढ्यावर चांगो सुटत नव्हता. गेटर त्याचा, चाकं बसवणारा तो. आपण लिहायचं तर एकच ओळ लिहायची, आणि तो माणूस काही वर्षं आत. चिंधी तिच्याकडे बघत होती. हर्षलाला तिच्या नजरेला नजर देववेना.

कमलेश भोईर साडेदहाला आला. पंचेचाळिशीचा, धिप्पाड, सुतकातला म्हणून अनवाणी. डोळे रडून सुजलेले. कर्जतला त्याचं गॅरेज होतं, आणि निलेशला गाडी चालवायला त्यानंच शिकवलं होतं. सगळा तालुका त्याला उस्ताद म्हणायचा.

"शर्यतीचे टायर कोणी निवडले?" हर्षलानं विचारलं.

"निलेशनं. माजं ऐकला नाय. मी बोललो व्हतो, रुंद रिम घाल, चपटं टायर घाल. रस्ता धरून ठेवतात. पन त्याच्या डोक्यात त्या चांगोनं भरवलेलं."

"काय भरवलं होतं?"

"इंजिनात चाळीस घोडं. रुंद चाक वढायला त्याचा दम जातो, म्हनं. हलकी गाडी, रुंद टायर तापतच नाय, तापला नाय तर चिकटत नाय. पंक्चर काढनारा मानूस आमाला शिकवनार! झाला ना इस्कोट?"

"शनिवारी चाकं बसवल्यावर पुन्हा कुणी खोलली?"

"कुनीच नाय."

"गाडी घाटापर्यंत कशी गेली?"

"माज्या टेंपोवर चढवून. अंगनात साडेसहाला पूजा झाली, मी निगालो. टेंपोत मी एकटाच."

"निलेश?"

"त्यो न् त्याची बायको रूपाली मोटरसायकलवरून. कडावच्या गनपतीला जाऊन मंग वर आले."

"वाटेत कुठे थांबलात?"

"नाय. सरळ घाटात."

"आणि हा गेटरचा टायर? चांगो म्हणतो तुम्ही परत नेलात."

"खोटं बोलतोय. मी म्हटला फेकून दे. त्याच्याच दुकानात पडून व्हता." कमलेशनं डोळे पुसले. "मॅडम, माज्या भावाचा जीव गेला. त्याला सोडू नका."

शब्दाविरुद्ध शब्द. एकीकडे गावाचा उस्ताद, दुसरीकडे वाडीवरचा पंक्चरवाला. कुणाचं ऐकलं जाईल हे सांगायला ज्योतिषी नको.

दुपारी हर्षला नवीन नावाच्या माणसाला भेटली. शर्यतीतला निलेशचा खरा प्रतिस्पर्धी, ठाण्याचा, कर्जतला फार्महाऊस बाळगून असलेला. निलेश गेला म्हणजे पहिला नंबर याचा, म्हणून मालोजींनी त्यालाही एकदा दरडावून ठेवलं होतं. तो बिचकलेलाच होता.

"सुरुवातीच्या जागी निलेशच्या गाडीजवळ तुम्ही होतात?"

"होतो, पण दोरीच्या बाहेर. आठला तपासणी झाली. तपासनीस प्रत्येक चाकाचा फोटो काढतो. मग गाड्या दोरीच्या आत. माझ्याच गाडीला मला हात लावू दिला नाही, मॅडम. शर्यत साडेनऊला सुटली."

"ते फोटो आहेत?"

"आयोजकांनी ग्रुपवर टाकलेत." त्यानं मोबाईल पुढे केला.

आठ वाजून दहा मिनिटं. डाव्या बाजूचं पुढचं चाक. हर्षलानं फोटो मोठा केला. बाहेरच्या अंगावर आकडे नाहीत. रिमवर पिवळा ठिपका, लाल कड. म्हणजे आठ दहाला हे चाक गाडीवर बसलेलंच होतं, आणि पुढे दोरीच्या आत त्याला कुणाचा हात लागला नव्हता. निदान वेळेची चौकट थोडी आवळली.

"आदल्या आठवड्याच्या सरावाला काही भांडण?"

नवीननं खांदे उडवले. "भांडण नाही म्हणता येणार. कमलेशभाईंनी हट्ट धरला, दोन्ही चाकं लावून बघू. तीन फेऱ्या रुंद चाकांवर, तीन चांगोच्या अरुंद चाकांवर. आम्ही वीसेक जण घड्याळ बघत होतो. चांगोची चाकं चार सेकंदांनी पुढे. घाटात चार सेकंद म्हणजे फार झाले. सगळे हसायला लागले. निलेश म्हणाला, दादा, आता उस्ताद चांगो हां! चेष्टेतच म्हणाला तो."

"कमलेश?"

"तेही हसले. पण चहा न घेता निघून गेले."

यावर हर्षलानं दोन कामं केली. मालोजींना फोन करून कमलेशच्या गॅरेजचा पंचनामा करायला सांगितला. मालोजी कुरकुरले, पण दोन पंच घेऊन गेले. आणि ती स्वतः निलेशच्या घरी गेली. हे दुसरं काम तिला नको होतं.

रूपाली ओटीवर बसली होती. सत्तावीस वर्षांची. कपाळ मोकळं, हात मोकळे. काल सकाळी याच बाईनं याच अंगणात हळदकुंकवाचं ताट धरलं होतं आणि आज तिला त्याबद्दलच विचारायचं होतं. हर्षलाला स्वतःचीच लाज वाटली. पण कोठडीत एक माणूस बसला होता.

"रूपाली, काल गाडीची पूजा कोणी केली?"

"मीच."

"चारही चाकांना हळदकुंकू तूच लावलंस?"

"हो. सासूबाई नाय, मंग कोन लावनार? चारीला मीच लावला."

"कसं लावलंस? मला करून दाखव, कोरड्या बोटानं."

रूपालीनं तिच्याकडे बघितलं. मग अनामिका उचलून ओटीच्या खांबावर टेकवली. "आधी हळद, रुंद." तिथंच पुन्हा बोट टेकवलं. "मंग तिच्यावर कुंकू. बारीक." तिचं बोट खांबावरच राहिलं. "असंच लावतात ना, ताई? मी कायी चुकले का? माज्या हातनं कायी उलटं झाला का?"

"कधी उलटं लावलं होतंस? घाईत?"

"कसं लावीन? आठ वर्सांची असल्यापासून लावते. आईनं हातावर मारून शिकवलाय. उलटं लावायला बोटच वळत नाय."

हर्षलानं तिचा हात धरला. "तू काहीही चुकली नाहीस, गं. एवढं पक्कं ध्यानात ठेव."

साडेचार वाजता ठाण्यात सगळे बसले. चांगोला कोठडीतून आणलं. कमलेश खुर्चीवर. रूपाली दाराशी, हर्षलानंच तिला बोलावलं होतं. मालोजी नुकतेच परतले होते, हातात पंचनाम्याचे कागद.

"रिपोर्ट लिहिण्याआधी सांगते," हर्षला म्हणाली. "चांगोनं शनिवारी चाकं बसवली. रविवारी साडेसहाला पूजा. चांगोनं फाटका टायर घातला असेल, तर तो पूजेच्या वेळी गाडीवर होता. मग त्याच्यावरचं हळदकुंकूही रूपालीच्या हातचं असणार. बरोबर?"

"बरोबर," मालोजी म्हणाले.

"तीन चाकांवर हळद खाली, कुंकू वर. फुटलेल्या चाकावर कुंकू खाली आणि हळद वर. एकाच बाईनं, एकाच वेळी, तीन चाकं सुलटी आणि चौथं उलटं पूजलं? कुठल्याही सवाष्णीला विचारा, ती हसेल. ते बोट रूपालीचं नाही. ज्यानं आयुष्यात कधी कुणाला हळदकुंकू लावलं नाही, अशा माणसाचं आहे. लाल आधी दिसलं, लाल आधी लावलं."

हर्षलानं मोबाईलवरचे चाकांचे फोटो मालोजींपुढे सरकवले.

"म्हणजे ते चाक पूजेनंतर बदललं, तसल्याच दुसऱ्या पांढऱ्या रिमवर फाटका टायर चढवून. नुसतं बदलून भागलं नसतं. तीन चाकं पुजलेली आणि एक कोरं, हे निलेशच्या लगेच ध्यानात आलं असतं. म्हणून घरातून पुडी आणून ठिपका उठवला. साडेसहाच्या नंतर आणि आठ दहाच्या आधी. त्या वेळात गाडी कुठे होती? टेंपोवर. टेंपोत कोण होतं?"

"मी थांबलोच नाय!" कमलेश ताडकन उठला. "बाईमानसानं घाईत लावला आसंल उलटं. त्यावरून माज्यावर घेता? आमच्या घरात मयत झालीय आनि तुमी—"

"बसा. शनिवारचं चौथं चाक कुठे गेलं, ते आता मालोजीसाहेब सांगतील."

मालोजींनी पंचनामा उघडला. "गॅरेजमध्ये. भिंतीवर, जुन्या रिमांच्या मागे टांगलेलं. पांढरा रिम, नवा टायर. आकडे तीन, एक, दोन, चार. धुतलेलं आहे, पण हवा भरायच्या नळीच्या भोकाशी हळद राहिलीय. पंचांच्या सह्या घेतल्या."

"कोरा टायर फेकायला तुमचा जीव झाला नाही," हर्षला म्हणाली. "गॅरेजवाल्याचा तो होतच नाही. माणसाचं मात्र तसं नव्हतं."

कमलेश खाली बसला.

"वीस वर्सं," तो पुटपुटला. "वीस वर्सं मी त्याला शिकवला. आनि वीस लोकांच्या म्होरं मला हसला. ह्या वाडीवरच्यासाठी. मला फकस्त दाखवायचं व्हतं. पयल्या दोन वळनांत हवा जाईल, गाडी उभी ऱ्हाईल, सगळी बोलतील, चांगोचा टायर फुटला. बास. मला निलेशला मारायचा नव्हता."

"मग मागचं चाक का नाही बदललंत?"

हर्षलानं टेबलावर बोटानं घाटाचं वळण काढलं.

"चढताना आपण डावीकडून जातो आणि दरीही डावीकडे. मागचा टायर फुटला तर गाडी फरफटते, सावरता येते. पुढचा डावा फुटला की स्टिअरिंग कुठे ओढलं जातं, हे नवशिक्यालाही कळतं. तुम्ही उस्ताद. चारांतलं नेमकं तेच चाक निवडलंत."

"तेच्यावर जोर जास्ती येतो," कमलेश कुजबुजला. "लवकर फुटंल म्हनून."

"फुटेल म्हणून. आणि पुढे काय होईल हे दिसत असूनही."

चांगो रडत होता. तोंडावर हात घेऊन, आवाज न करता. "मला सांगायचं, शेट," तो म्हणाला. "मला येऊन मारायचं दोन. पोराला कशाला?"

रूपाली दारातून आत आली. कुणी तिला अडवलं नाही. ती कमलेशच्या समोर उभी राहिली. तिनं हात उचलला नाही, शिवी दिली नाही.

"काल माज्या नवऱ्याला अग्नी तुमी दिलात," ती म्हणाली. "मला मूल नाय, म्हनून तुमी पुढं झालात. मडकं खांद्यावर घेऊन फिरलात. मी तुमच्या पायाशी बसून रडले. आनि तुमी मला म्हनालात, रडू नको, मी हाय."

कमलेशनं मान खाली घातली ती पुन्हा वर केलीच नाही. हवालदारानं त्याला दंडाला धरून आत नेलं, चांगो सकाळपासून होता त्याच कोठडीत.

मालोजींनी कागद पुढे ओढले. चांगोकडे न बघता म्हणाले, "जा तू. सही कर आणि जा." माफी मागायची त्यांना सवय नव्हती. हर्षलानं तेही मनात नोंदवून ठेवलं.

बाहेर चिंधी उठून उभी राहिली. तिनं पदरानं नवऱ्याचं तोंड पुसलं. दोघं फाटकाकडे निघाली.

"चांगोदादा!"

रूपाली मागून चालत आली होती. अनवाणी, उतरत्या उन्हात.

"उद्या तिसरा दिवस. राख सावडायची हाय. घरातला कर्ता म्हनून ज्याला उभा करनार व्हते, त्यो आत बसलाय. तुमी याल?"

चांगो गडबडला. "मी? नको वैनी. आमी वाडीवरची मानसं. तुमच्या भावकीत चालायचं नाय. लोकं काय बोलतील?"

"भावकी!" रूपाली म्हणाली. तो एकच शब्द असा काही बोलली की फाटकावरचा हवालदारही दुसरीकडे बघायला लागला. "राख मी सावडीन. माज्या हातानं. तुमी नुसतं बाजूला उभं ऱ्हावा. त्याला तुमचं म्हननं पटलं व्हतं, दादा. शनिवारी रात्री जेवताना मला चार येळा सांगितलं त्यानं."

चांगोनं चिंधीकडे बघितलं. चिंधीनं मान हलवली.

"किती वाजता येऊ?" त्यानं विचारलं.

"सातला," रूपाली म्हणाली. "दोघंबी या."